दुसऱ्या अंकातले पाहुणे

नटक्रॅकर या बॅलेचा पहिला अंक कुठल्याही घरात चालेल. नाताळची संध्याकाळ, दिवाणखान्यात पाहुण्यांची गर्दी, पोरांचा गलका. डोळ्याला पट्टी लावलेला एक विक्षिप्त म्हातारा, मुलीचा धर्मपिता, अक्रोड फोडायचा लाकडी शिपाई भेट म्हणून आणतो. भावाबहिणीच्या ओढाताणीत शिपाई मोडतो. रात्री सगळे झोपल्यावर मुलगी त्याला बघायला हळूच बाहेर येते. बाराचे ठोके पडतात, उंदीर निघतात, नाताळचं झाड वाढत वाढत छतापार जातं, खेळण्यातले शिपाई उठून उभे राहतात. लढाई हातची जातेय असं दिसताच मुलगी पायातली सपाता काढून उंदरांच्या राजावर भिरकावते. इथपर्यंत कुणाला काही समजावून सांगायला लागत नाही. मोडक्या खेळण्यासाठी रात्री उठून बसलेलं मूल आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं.

अडतं ते पुढे. दुसऱ्या अंकात, राजपुत्र झालेल्या त्या शिपायाबरोबर, मुलगी मिठाईच्या राज्यात पोचते, तिला सिंहासनावर बसवतात, आणि बहुतेक प्रयोगांत ती जवळजवळ शेवटपर्यंत बसूनच राहते. तिच्यासमोर एकेक देश येऊन नाचून जातो. स्पेन म्हणजे चॉकलेट, अरबस्तान म्हणजे कॉफी, चीन म्हणजे चहा. थोडा वेळ नाच, टाळ्या, पुढचा देश.

गेले काही महिने मी या दुसऱ्या अंकाशी झटते आहे. माझी भाची ज्या नृत्यवर्गात जाते, तिथल्या ताईंना यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात नटक्रॅकर ‘आपल्या पद्धतीनं’ बसवायचा आहे. वर्गात कथकच्या मुली आहेत, बॅले आणि कंटेम्पररी शिकणाऱ्या आहेत, आणि नुसतंच धुडगूस घालणारं छोट्यांचं एक टोळकं आहे. संहिता आणि निवेदन माझ्याकडे आलं, कारण मी पूर्वी कथक शिकले आहे आणि मला लिहायला आवडतं. पहिल्या अंकाचं लिखाण झरझर झालं.

पालकांच्या पहिल्याच बैठकीत एकांनी मत मांडलं की अभिजात कृतीला हात लावू नये, जशी आहे तशी करावी. त्यांची तळमळ खरी होती. पण ‘जशी आहे तशी’ म्हणजे नेमकी कोणती? मूळ गोष्ट जर्मन लेखक हॉफमननं 1816 मध्ये लिहिली, आणि ती चांगलीच अंगावर येणारी आहे. उंदरांच्या राजाला तिथे सात डोकी आहेत. मुलीचा हात कपाटाच्या काचेनं कापतो, ती अंथरुणाला खिळते, आणि तिनं रात्री काय पाहिलं यावर घरातलं कुणी मोठं माणूस विश्वास ठेवत नाही. 1844 मध्ये अलेक्झांडर ड्युमानं ती फ्रेंचमध्ये आणताना तिची धार बोथट केली. बॅलेसाठी घेतली गेली ती ही ड्युमाची गोष्ट. नृत्यदिग्दर्शक मारियस पेतिपानं संगीतकार त्चायकोव्हस्कीला कुठल्या प्रसंगाला किती संगीत हवं याची मोजून-मापून टिपणं दिली, मग तो आजारी पडला, आणि नृत्यं बसवली ती त्याच्या हाताखालच्या लेव इव्हानोव्हनं. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात 18 डिसेंबर 1892 ला पडदा उघडला तेव्हा ही कथा इतक्या हातांतून गेलेली होती. समीक्षकांना तो प्रयोग आवडला नाही. रंगमंचावर पोरांचीच गर्दी, आणि मुख्य नर्तकी येते कधी तर शेवटाकडे, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी त्चायकोव्हस्की गेला. आपल्या या बॅलेवाचून अमेरिकेतल्या कंपन्यांचा डिसेंबर सरणार नाही, हे त्याला कळायचंच नव्हतं. तिथे तो पूर्ण स्वरूपात पहिल्यांदा झाला 1944 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला. 1954 मध्ये जॉर्ज बॅलन्शिननं न्यूयॉर्कमध्ये बसवला, आणि त्यानंतर ती दरवर्षीची रीतच होऊन बसली. ज्याला आपण परंपरा म्हणतो आहोत तिचं वय माझ्या आईपेक्षा फार जास्त नाही.

संगीताला मात्र हात लावायचा नाही, हे माझं आणि ताईंचं पहिल्या दिवशी ठरलं. हे संगीत समजायला युरोपात जन्मावं लागत नाही. शेवटाकडे जे मोठं युगुलनृत्य आहे, त्याची मुख्य धून म्हणजे वरच्या षड्जापासून खालच्या षड्जापर्यंत सरळ उतरणारा अवरोह. सां नि ध प म ग रे सा, सगळे शुद्ध स्वर. बिलावल शिकणारं मूल पहिल्या आठवड्यात जे घोकतं तेच. एवढ्याशा भांडवलावर चेलो असं काही गातात की मला दरवेळी गलबलून येतं. आमच्या कथकच्या मुलींना मी ते पेटीवर वाजवून दाखवलं, आणि मग रेकॉर्डिंग लावलं. त्यातल्या एकीनं ‘पुन्हा लावा’ म्हटलं. त्या दिवशी तालीम झाली नाही, आम्ही ऐकतच बसलो.

साखरपरीच्या, म्हणजे मिठाईच्या राज्याच्या राणीच्या, नाचात वाजतो तो चेलेस्टा. पोलादी पट्ट्यांवर हातोड्या पडून वाजणारं हे वाद्य त्चायकोव्हस्कीला पॅरिसमध्ये सापडलं. ते रशियात गुपचूप मागवून घ्या, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दुसऱ्या संगीतकारांना सुगावा लागू देऊ नका, असं त्यानं आपल्या प्रकाशकाला बजावलं होतं. लोकांनी आजवर ऐकला नाही असा नाद त्याला पहिल्यांदा वाजवायचा होता. मला वाटतं, नव्यानं मांडणी करणाऱ्यांनी त्याच्याकडून घ्यायची गोष्ट हीच आहे. म्हणून ती एवढी एक धून जलतरंगावर वाजवून बघावी असं मी सुचवलं. सोपं नाही ते. धून कोमल-तीव्र स्वरांतून सारखी घसरते, त्यामुळे सप्तकातल्या बाराही स्वरांच्या वाट्या लागतात, आणि मांडलेल्या वाट्यांत हात पोचायला हवा. पण पाण्यावरचा सूर सुटताना जो किंचित थरथरतो, तो त्या परीला शोभून दिसतो. ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी 1960 मध्ये याच धुनी जाझमध्ये आणल्या, त्या ऐकताना जाणवतं की मूळ सुरावट पक्की असली की तिला खूप काही सोसतं.

हिमकणांच्या नृत्यावर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली आणि सगळ्यात जास्त आनंदही तिथेच मिळाला. पहिल्या अंकाच्या शेवटी बर्फ पडतो आणि मुलांचं वृंदगान येतं, शब्द नसलेलं, नुसत्या स्वरांचं. नाशिकला बर्फ नाही. पण निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागांमध्ये पहाटे काय चालतं ते इथल्या मुलांना ठाऊक असतं. मणी तडकू नयेत म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, धूर जमिनीलगत पसरतो, अंगावर घोंगडी घेतलेली माणसं ओळींमधून फिरत राहतात. वर्गातल्या दोघी-तिघींच्या घरच्या बागा आहेत, त्यांनी आम्हाला हे हातवारे करून दाखवलं. तर आमचा हिमकणांचा नाच आता गोठलेल्या दवाचा नाच आहे, आणि त्यात एक भीती आहे जी मूळ बॅलेत नव्हती. दिसायला सुंदर असलेलं हे दव वर्षाचं पीक घेऊन जाऊ शकतं.

तालाचंही तिथेच जमलं, आणि अडलंही तिथेच. हिमकणांचा नाच म्हणजे वॉल्ट्झ, आणि हा युरोपी नाच तीनात चालतो. दोन आवर्तनं जोडली की सहा मात्रा होतात, म्हणजे दादरा. पण दादऱ्यात चौथ्या मात्रेवर ‘खाली’ येते, म्हणजे टाळी न देता सोडलेली मात्रा, तिथे कथकचं अंग हलकं होतं, आणि वॉल्ट्झमध्ये नेमका त्याच जागी पुन्हा पहिल्याइतका जोर येतो. बॅलेच्या मुली त्या जोरावर चवड्यांवर उठतात, कथकच्या मुली जमिनीत शिरतात. एकाच मात्रेवर निम्मा रंगमंच वर जातो आणि निम्मा खाली. ताई आधी म्हणाल्या, ‘हे विसंगत दिसतंय.’ मग दोन-चार तालमींनंतर त्याच म्हणाल्या, ‘राहू दे, दव पडतं आणि धूर वर जातो.’ त्यांची ही नजर मला फार मोलाची वाटते.

उंदरांचा प्रश्न छोट्यांनी काढला. उंदीर वाईट कसा, तो तर बाप्पाचा ना? गणपतीच्या पायाशी लाडू घेऊन बसलेला मूषक ज्यांनी जन्मापासून पाहिला त्यांना खलनायक म्हणून उंदीर देणं जड जातं. आम्ही राजाला मारायचं रद्द केलं. सपाता लागून त्याचा मुकुट पडतो आणि मुकुटाखाली तो एक साधा भुकेला उंदीर निघतो. पुरे तेवढं.

नाताळच्या जागी दिवाळी करा, अशीही सूचना आली होती. मी विरोध केला. नाताळ नाशिकला परका नाही. शरणपूरची ख्रिस्ती वस्ती 19 व्या शतकातली आहे, नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत लांबलांबून माणसं येतात, आणि आमच्या वर्गातल्या काही मुलींच्या घरी ही संध्याकाळ खरोखरच घरची असते. त्यांच्या सणावर आपल्या सणाचा कागद चिकटवला म्हणजे ‘आपलं’ झालं, असं मला वाटत नाही. आपलं करून घेणं म्हणजे काय हे या गावाला निराळ्या रीतीनं माहीत आहे. 1910 मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट बघताना दादासाहेब फाळक्यांच्या मनात श्रीकृष्ण, रामचंद्र, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसानं यंत्र घेतलं, चमत्कार पडद्यावर आणायची युक्ती घेतली आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्या लहानग्या मंदाकिनीला कृष्ण म्हणून कालियाच्या फण्यावर नाचवलं. कुसुमाग्रजांनी ‘नटसम्राट’ लिहिताना शेक्सपिअरच्या लिअरकडून राजवाडा आणला नाही. आणलं ते म्हाताऱ्याचं बेघर होणं, आणि ते ज्याच्या अंगावर घातलं तो उभा जन्म रंगभूमीवर घालवलेला मराठी नट होता. दोघांनीही वरचा पोशाख सोडून आतलं उचललं.

मग नटक्रॅकरच्या दुसऱ्या अंकातलं आतलं काय आहे?

जगभर हा अंक ज्यांना खुपला त्यांची बाजू आता बरीच मांडली गेली आहे. चिनी चहाच्या नाचात तर्जन्या आकाशाकडे रोखून, माना डोलवत उड्या मारणारे नर्तक पिढ्यानपिढ्या दाखवले गेले. 2017 मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिल चॅन आणि जॉर्जिना पास्कोगिन या दोघांनी ही विडंबनं बंद करा म्हणून मोहीम सुरू केली आणि अनेक कंपन्यांनी नृत्यं बदलली. सिॲटलच्या कंपनीत चहाच्या जागी हिरवा रातकिडा आला. बर्लिनच्या कंपनीनं 2021 मध्ये आपला नटक्रॅकर त्या मोसमापुरता बाजूला ठेवला. बाजूला ठेवणं मला पटत नाही, त्यानं मुलांचं नुकसान होतं आणि प्रश्न जागच्या जागी राहतो. त्यापेक्षा मला ख्रिस्तोफर व्हीलडननं शिकागोच्या जॉफ्री बॅलेसाठी 2016 मध्ये केलेली मांडणी जास्त प्रामाणिक वाटते. त्यानं गोष्ट नेली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामावर. हे 1893 चंच प्रदर्शन, ज्याच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेमुळे ते साल आपल्याला पाठ आहे. त्याची मुलगी श्रीमंताची नाही, तिथे राबणाऱ्या स्थलांतरित पोलिश शिल्पकार बाईची आहे. देशोदेशीची दालनं खरोखर तिथे उभी राहणार आहेत, म्हणून देश तिच्या स्वप्नात येतात. त्यांच्या येण्याला कारण आहे.

आणि गंमत अशी की त्चायकोव्हस्कीच्या ‘अरबी’ नाचाची धून मुळात जॉर्जियातल्या एका अंगाईवरून घेतलेली आहे. तिच्यात अरबस्तानचं काही नाही.

चिनी प्रेक्षकाला काय वाटत असेल ते मला पुस्तकातून कळलं नाही, ‘ला बायादेर’मुळे कळलं. याच पेतिपाचा 1877 चा बॅले, भारतात घडणारा, देवळातल्या नर्तकीची गोष्ट. त्यातला सावल्यांचा प्रवेश जगातल्या सर्वात सुंदर नृत्यांपैकी एक आहे, तो मी पुन्हा पुन्हा बघते. पण त्याआधीचा भारत बघताना घशात काहीतरी अडकतं. उघड्या अंगाचे साधू अग्नीभोवती चित्कारत उड्या मारतात. ज्या कलेत मी माझी कोवळी वर्षं घालवली, तिच्या माणसांना कुणीतरी लांबून, न विचारता, हौसेनं रंगवलं आहे. त्यात दुष्टावा नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही.

तर आमच्या वर्गाचा दुसऱ्या अंकाचा पहिला आराखडा असा होता: मिठाईच्या राज्याऐवजी ‘भारतदर्शन’. भांगडा, गरबा, लावणी, कोळीनृत्य, आदिवासी नृत्य. प्रत्येकाला तीन मिनिटं. मुलगी सिंहासनावर.

कागद वाचताना मला पेतिपाच दिसला.

आपल्याकडे हा दुसरा अंक शाळाशाळांत दर हिवाळ्यात होतो. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ‘आदिवासी नृत्य’ बघितलं आहे. मुलांच्या तोंडांना काळं फासलेलं, कमरेला प्लास्टिकच्या पानांचे घागरे, डोक्याला पिसं, हातात भाले आणि मध्येच अर्थहीन आरोळ्या. भाड्यानं ड्रेस देणाऱ्या दुकानांत ‘आदिवासी’ नावानं असा संचच मिळतो. हे ज्या गावात चालतं त्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण आहेत. कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली माणसं रोज एसटीनं नाशिकला येतात, भाजी विकतात, बांधकामावर राबतात, हॉस्टेलवर राहून शिकतात, नोकऱ्या करतात. पानांचा घागरा घातलेलं त्यांच्यातलं कुणी मी पाहिलेलं नाही. त्यांची मुलंही अशा स्नेहसंमेलनांत प्रेक्षकांत बसलेली असतात. मला त्या मुलांचे चेहरे बघवत नाहीत.

ताईंना हे बोलून दाखवलं तेव्हा त्यांना लागलं. त्यांनी तो नाच प्रेमानं निवडला होता. पण चार दिवसांनी त्यांचाच फोन आला, ‘मग शिकवणारं माणूस शोधू या.’ माझी एक मैत्रीण सुरगाणा तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवते. तिच्यामार्फत पावरी वाजवणाऱ्या एका बाबांची गाठ पडली. पावरी म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं फुंकवाद्य, पुढे कर्णा. लांबलचक दमसासाचं काम. तिच्या सुराभोवती माणसं एकमेकांना धरून गोल फिरत नाचतात.

आमच्यासमोर डिसेंबर होता, त्यांच्यासमोर मार्गशीर्ष. मार्गशीर्षात त्यांच्याकडे डोंगऱ्यादेव असतो. व्रत धरलेले लोक नेम पाळतात, गावोगाव नाचत फिरतात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरावर देवापाशी जागतात. पावरी त्या देवाची आहे. बाबांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘देवाची चाल स्टेजवर वाजणार नाही. करमणुकीची वेगळी असते, ती शिकवीन. पण पौर्णिमा होईपर्यंत मला बोलावू नका.’ ताईंनी मानधनाचं विचारलं. तो आकडा त्यांनी लगेच सांगितला, आणि पोस्टरवर ‘आदिवासी कलाकार’ असं न छापता नाव आणि गाव छापायला सांगितलं. शेवटची अट अशी, की मुलींना आधी पाड्यावर आणा. ‘हा नाच रांगेत उभं करून येत नाही. कुणाच्या तरी कमरेत हात घालून रात्रभर फिरलं की येतो.’

त्यांच्या त्या वाक्यानं माझा दुसरा अंक सुटला. सिंहासन काढून टाकायचं. गोल नाचात बघणाऱ्याला बसायला जागाच नसते, उठून कडं धरावं लागतं. मुलगी पाहुण्यांच्या दारी जाते, आणि त्या दारात पाहुणी ती असते, ते नव्हेत. तिला पाऊल येत नाही. शेजारची बाई तिचा हात ओढून तिला आत घेते. देशांची रांग नाही, पाच नाचांऐवजी तीन नाच, पण प्रत्येक नाच ज्यांचा आहे त्यांनी शिकवलेला, आणि प्रत्येकात मुलीला नाचायचं आहे, चुकत, शिकत. त्यानंतर बिलावलचा तो अवरोह. ते युगुलनृत्य परी आणि राजपुत्राचं न ठेवता मुलगी आणि तिला कड्यात घेणारी ती बाई यांच्यात करावं असं माझ्या मनात आहे. ताई अजून विचार करतायत.

पालकांमध्ये नाराजी आहे. नाच कमी झाले म्हणजे पुढच्या रांगेतल्या मुली कमी झाल्या, आणि फी भरलेल्या आईबापांना आपलं लेकरू पुढे दिसायला हवं असतं. त्यांना समजून घ्यायला हवं. आम्ही तिन्ही नाचांत सगळ्यांना घेतो आहोत, कड्यात पुढची रांग नसते हे सांगतो आहोत. रात्री पाड्यावर राहायच्या मुद्द्यावर काही घरांतून सरळ नकार आला आहे. काही आया स्वतः सोबत यायला तयार झाल्या आहेत.

पौर्णिमेच्या आत तालीम नाही, म्हणजे नाताळचा प्रयोगही नाही. कालिदास कलामंदिराची डिसेंबरची तारीख सोडून फेब्रुवारीतली मिळावी असा अर्ज ताईंनी केला आहे. पहिल्या अंकाचं निवेदन मी भाचीकडून पाठ करून घेतलं आहे. दुसऱ्याचं मुलींनी पाड्यावरून परत आल्यावर त्यांच्यासोबत बसून लिहायचं ठरवलं आहे.